हिडिंबेचं बारसं

भिंगारला आमच्या क्वार्टरवरून जाणारी नवखी माणसं दिवेलागणीच्या सुमाराला हमखास दचकायची. आई दारात येऊन गोड आवाजात हाक मारायची, "हिडिंबेऽ! ए हिडिंबे, दूध पिऊन घे गं माझी शहाणी!" नाव कानावर पडलं की सायकलवाला पाय टेकायचा, टांगेवाला लगाम खेचायचा आणि आता दारच्या लिंबामागून कोण बाहेर पडतंय म्हणून बघत राहायचा. बाहेर पडायची ती गुडघ्यांना माती लागलेली, एक वेणी सुटलेली, माझ्या कमरेलाही न पोचणारी पोर. माझी धाकटी बहीण. माणसं हसत पुढं जायची.

शाळेत घालताना तिला चारचौघींसारखं नाव दिलं, लग्नात सासरच्यांनी आणखी एक ठेवलं. ती दोन्ही नावं तिनं बाहेर जायच्या लुगड्यांसारखी वापरली. माझ्याशी फोनवर बोलताना मात्र अजूनही तिची सुरुवात "हिडिंबा बोलतेय" अशीच असते. पलीकडून तिची नातवंडं खिदळलेली ऐकू येतात. खिदळू देत बापडी. ते नाव तिला कसं मिळालं आणि कसं टिकलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, लष्करी कचेरीत कारकून होते. घराणं मूळचं मिरजगावकडचं, पुराण सांगणाऱ्यांचं. अण्णा गाव सोडून नोकरीत शिरले तरी गोष्ट सांगायची खोड काही सुटली नव्हती. आमचं घड्याळ म्हणजे छावणीतला बिगुल. पहिला बिगुल झाला की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला अण्णांची आंघोळ. रस्त्यानं लष्करी लॉऱ्या धुरळा उडवत जायच्या, त्या धुरळ्यावर भिंगारच्या सगळ्या बायकांचा राग होता. वाळत घातलेल्या पापडांवर बसलेला धुरळा, लढाईचा तेवढाच परिणाम आम्हाला दिसत होता.

घरात चौथं माणूस म्हणजे आत्या. अण्णांच्या पाठची बहीण. मी तिला पाहिली तेव्हापासून ती लाल आलवणात, डोईवरून पदर घेतलेली. माझ्या तेव्हाच्या वयाची असताना लग्न झालं आणि सासर नीट बघायच्या आतच विधवा झाली. ती धिप्पाड होती. पाटा-वरवंटा एकटी उचलून मागच्या दारी नेऊन ठेवायची. पुढचे दात मोठे, आवाज असा की कुंपणापलीकडच्या गाढवानं कान टवकारावेत. क्वार्टरांतली पोरं तिला मागून त्राटिका म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. कुणी कैरीच्या झाडावर चढलेलं दिसलं की ती खालूनच ओरडायची, "उतर, नाहीतर त्राटिका येईल वर!" पोरगं घसरत खाली यायचं आणि मग तीच त्याच्या हातात दोन कैऱ्या ठेवायची.

आपल्या भाषेत बाईला नावं ठेवायची तर राक्षशिणी अगदी हाताशी तयार असतात. भांडखोर ती कैदाशीण, दांडगी ती त्राटिका, लटकी माया करणारी ती पूतना मावशी, अंगानं भक्कम ती हिडिंबा. पुरुषाला मात्र नुसतं राक्षस म्हणून भागतं. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी मराठी तिसरीत होते आणि राक्षशिणींना मनापासून भ्यायची.

माझ्या पाठीवर आईला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. भावाचं नाव अण्णांनी विष्णूच्या हजार नावांतून निवडून काढलं होतं. तो वर्षाचाही झाला नाही. पुढच्या बहिणीला नाव लक्ष्मीचं ठेवलं, पण नजर नको लागायला म्हणून घरात सगळे धोंडी म्हणायचे. धोंडीही टिकली नाही. आई त्यानंतर फार बोलेनाशी झाली. रिकामा पाळणा माळ्यावर टाकला होता. त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून ती लोणच्याची बरणी काढायलासुद्धा मला वर चढवायची.

या दोघांच्या बारशाला आत्या स्वयंपाकघरात होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण ती विधवा. पाळण्याला सवाष्णींचे हात लागायचे. मग नगरहून अण्णांची एक चुलतबहीण यायची, नथ घालून, टांग्यातून. ती नाव सांगायची, ओटीतला नारळ घ्यायची आणि रात्रीच्या आत परत जायची. आमची आत्या आत घुगऱ्यांना फोडणी देत बसायची. माझ्याही बारशाला असंच झालं होतं म्हणे. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. आत्याच्याही नाही.

पुन्हा आईला दिवस गेले तेव्हा घरात आनंदाऐवजी धाकच जास्त होता. शेजारच्या क्वार्टरमध्ये लष्करी दवाखान्यातली एक नर्सबाई राहायची. बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबातली, मूळची कोकणातली. नऊवारी नेसायची, शनिवारी चूल पेटवायची नाही आणि एरवी आमच्यासारखंच बोलायची. एकदा दुपारी ती आईच्या पायांची सूज बघायला आली आणि गप्पांच्या ओघात म्हणाली, "आमच्यात लिलिथ म्हणून एक बाई हाय. आदमची पहिली बायको. त्याच्याशी भांडण झालं नि ती तरातरा निघून गेली. तेव्हापास्नं तान्ह्या पोरांच्या मागं लागते."

"मग गं?" आईनं विचारलं.

"मग काय, बाळंतिणीच्या खोलीत तिचं नाव लिहिलेला कागद टांगतात. आपलं नाव दिसलं की ती दारातूनच मागं फिरते. माझ्या आज्जीनं माझ्या वेळेस टांगलेला, बघा जिती हाय की नाय!"

नर्सबाई हसली. आई हसली नाही. ती दिवसभर काहीतरी घोळवत राहिली आणि संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या आत्याला म्हणाली, "वन्सं, कागद वाऱ्यानं उडतो. नाव पोरालाच ठेवलं तर?"

आत्याचा भाकरीवरचा हात थांबला. "राक्षशिणीचं?"

"देवाची नावं ठेवून पाहिली. धोंडी म्हणून पाहिलं. आता आणखी काय राहिलंय?"

मुलगी झाली. नर्सबाईनंच बाळंतपण केलं. पोर इतकी लहान होती की कापसात गुंडाळून ठेवली होती आणि रडायची ते मांजराच्या पिल्लाएवढं. आत्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायची, शेगडी आत सरकवायची आणि मागं वळायची. बाळाकडे ती बघायची नाही. माळ्यावरून पाळणा खाली काढला तो तिनंच, पण धुऊन पुसून दारात ठेवला आणि आत न्यायला मला सांगितलं.

बारसं जवळ आलं तसा नावाचा प्रश्न पेटला. राक्षशिणीचं नाव म्हटल्यावर अण्णा आधी भडकले. पुराणिकाच्या घरात असलं नाव, लोक शेण घालतील तोंडात, वगैरे. पण आई काही मागे हटेना, आणि अण्णांचा स्वभाव असा की एकदा विषय निघाला की राग मागं पडायचा आणि कथेकरी पुढं यायचा. बाळंतिणीला शिवायचं नाही म्हणून ते उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले. आई आत बाजेवर, आत्या स्वयंपाकघराच्या दारात निवडायचं सूप घेऊन. मी मधे, कान टवकारून. ती संध्याकाळ मला अजून ओव्याच्या धुरीच्या वासासकट आठवते.

"पूतना तर नकोच," अण्णा म्हणाले. "तान्ह्या बाळांना मारणारी. शूर्पणखा नको, नाक कापून घेऊन आली. त्राटिका..." इथं ते आत्याकडे बघून थांबले.

"ते नाव घेतलेलं आहे," आत्या सूप पाखडत म्हणाली. कितीतरी दिवसांनी आई हसली.

अण्णांना आता चेव चढला. कचेरीतल्या कुणा साहेबानं बदलीच्या वेळी टाकून दिलेलं देशोदेशीच्या दंतकथांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी घरी आणलं होतं, त्याची पानं उघडली. ग्रीकांची एक राक्षशीण होती, तिच्या डोक्यावर केसांऐवजी सापच साप. "वेणीफणीचा ताप नाही," आत्या म्हणाली. रशियातल्या एका म्हातारीचं घर कोंबडीच्या पायांवर उभं असायचं आणि ती उखळात बसून आभाळातून जायची. "उखळ गेल्यावर घरी कांडायचं कशात?" आत्यानं विचारलं. अण्णा वाचत होते, आत्या टोले हाणत होती आणि मी पोट धरून हसत होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट वाचली. ग्रीकांचीच, लामिया नावाची राणी. तिच्यावर एका देवीचा कोप झाला आणि तिची सगळी मुलं मेली. तेव्हापासून ती दुसऱ्यांची मुलं पळवायला लागली आणि राक्षशीण झाली.

आतून आई म्हणाली, "म्हणजे तिची मुलं गेली होती?"

"हो, असं लिहिलंय खरं."

"मग ती राक्षशीण कशी? ती तर आई."

अण्णांनी पुस्तक मिटलं. आईनं बाळाच्या अंगावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, पण हसणं थांबवायचं एवढं कळलं.

थोड्या वेळानं आत्याच म्हणाली, "हिडिंबा ठेवा."

"का गं?" अण्णांनी विचारलं.

"दादा, तूच सांगायचास ना गोष्ट? भीम निघून गेला भावांबरोबर. ही राहिली एकटी रानात. ना सासर, ना माहेर. पण लेकरू वाढवलं तिनं. नुसतं वाढवलं नाही, चांगलं डोंगराएवढं केलं. तिच्या पोराला कधी कुणाची नजर लागली का?" आणि सूप उचलून ती आत निघून गेली.

नाव ठरलं.

बारशाच्या दिवशी नगरची चुलतबहीण वेळेवर आली. क्वार्टरांतल्या सवाष्णी जमल्या, पाळण्याला जुन्या साडीचे काठ बांधले, वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून दिला-घेतला. सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. मग चुलतबहिणीनं आईच्या कानाशी तोंड नेऊन नाव विचारलं. आईनं सांगितलं. त्यासरशी त्या बाईनं पाळण्याची दोरी सोडली.

"हे मी नाही बाई सांगायची. माझी स्वतःची नातवंडं आहेत घरात. उद्या काही झालं म्हणजे माझ्या जिभेला दोष येईल."

आईनं दुसऱ्या बाईकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. हेडक्लार्कांच्या बायकोनं मान वळवली. जिच्या-तिच्या घरी मुलं होती, जिला-तिला भीती होती. पाळण्यात पोर टकामका बघत होती आणि ज्या नावावर आईनं सगळी आशा ठेवली होती ते उच्चारायला खोलीत एकही तोंड नव्हतं.

तेव्हा आईनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "वन्सं, बाहेर या."

आत्या दारात आली. हाताला हरभऱ्याचं पाणी तसंच. "काय हवंय वहिनी? घुगऱ्या होतायत."

"नाव सांगा."

आत्याचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. गाढवाला दचकवणारा तो आवाज एकदम बारीक झाला. "भलतंच काय," ती कशीबशी म्हणाली. "मी कशी येऊ? माझी सावली नको तिच्यावर. वहिनी, हिला तरी जगू द्या."

"सवाष्णींनी नावं सांगूनही ती दोघं गेलीच," आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मान तुमचा आहे. या."

बायका बाजूला सरकल्या. वाट देण्यासाठी सरकल्या की आलवणाचा स्पर्श टाळायला, ते ज्यांचं त्यांना ठाऊक. आत्यानं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. पाळण्याशी वाकली. बाळाला हात न लावता तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्र... हिडिंबा."

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत सगळ्या बायकांनी धपाटे घालायचे, ही आपल्याकडची रीत. बारशातला सगळ्यात मजेचा भाग तोच. नगरच्या आत्याची पाठ दर खेपेला लाल व्हायची आणि ती लटकं रागवायची. त्या दिवशी एकही हात उठला नाही. आत्या वाकलेलीच होती. ती वाट बघत होती असं मला वाटलं. खरं-खोटं देव जाणे.

तेवढ्यात मागून नर्सबाई गर्दी सारत आली. "अगो बायांनो, रीत विसरलात काय?" म्हणत तिनं आत्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की पाळणा हलला. मग मी घातला, दोन्ही हातांनी. आत्या सरळ झाली. डोळे भरलेले होते, पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कार्टे, तुझ्याही लग्नात बघते तुला," आणि घुगऱ्या करपतील म्हणून आत पळाली. चुलतबहीण नारळ न घेताच टांग्यात बसली.

हिडिंबा वाढली. कापसातून बाहेर आली, बसायला लागली, रांगायला लागली, दिसेल ते तोंडात घालायला लागली. भाकरीचा पापुद्रा हिसकावून खायची तेव्हा नावाला शोभते म्हणून अण्णा कौतुक करायचे. आत्या हळूहळू उंबऱ्याच्या आत आली. आधी दुपट्यासकट घ्यायची, मग दुपटं गेलं. त्या दोघींचा एक खेळ ठरलेला होता. आत्यानं वाकून तिच्या कानात "कुर्रर्र" करायचं आणि हिडिंबेनं तिच्या पाठीत बुक्क्या मारायच्या. दिवसातून किती वेळा चालायचं याला सुमार नव्हता. आत्या चुलीपुढं वाकली तरी ही मागून येऊन बुक्की मारायची.

एक मात्र होतं. कुणी पाहुण्यानं विचारलं, "हे नाव हो कुणी ठेवलं?" की आई म्हणायची, "आत्यानं." पाहुण्याला वाटायचं नगरची. आणि आमची आत्या तोवर काहीतरी निमित्त काढून मागच्या दारी गेलेली असायची.

हिडिंबा दुसरं वर्ष ओलांडून बोबडं बोलायला लागली होती, त्या उन्हाळ्यात भिंगारला गोवर आला. घरोघरी दाराला लिंबाचे टहाळे लागले. हिडिंबेला ताप भरला तो उतरेचना. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, पाणीसुद्धा घेईना. नर्सबाई ड्युटीआधी आणि ड्युटीनंतर येऊन बसायची. "दम धरा," एवढंच म्हणायची. आई बाळाजवळून हलत नव्हती. रिकाम्या पाळण्याचे दिवस पुन्हा येणार, ही भीती तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होती.

एका सकाळी मी आत्याबरोबर नळावर होते. पुढं हेडक्लार्कांची बायको दुसरीला सांगत होती, "राक्षशिणीचं नाव, ते पुन्हा विधवेच्या तोंडून. दुसरं काय व्हायचं होतं?" आम्ही मागंच उभ्या आहोत हे त्यांना दिसलं नव्हतं. आत्यानं कळशी भरली, घरी आणली, माठात ओतली. दुपारी तिनं आलवणाचं बोचकं बांधलं आणि मला म्हणाली, "मी मिरजगावला जाते. वहिनी विचारील तेव्हा सांग, आधी नको." खोलीच्या दारात क्षणभर थांबून आत पाहिलं आणि नगरच्या टांग्यात बसून गेली.

दुसऱ्या दिवशी हिडिंबेचा ताप उतरला.

आम्ही आनंदानं वेडे व्हायचं, तर तिनं डोळे उघडून पहिला शब्द काढला तो "आत्ता". तिच्या बोलीत आत्या. आई उठून स्वयंपाकघरात गेली, रिकाम्या चुलीपुढं बसली आणि मोठ्यानं रडली. त्या पोरीच्या दुखण्यात ती एकदाही रडली नव्हती. अण्णांनी मिरजगावच्या एका व्यापाऱ्याबरोबर निरोप धाडला की पोर बरी आहे, ये. तो परत आला तो असं सांगत, "बाई म्हनत्यात, मी निघाले आन् ताप उतरला. आता मी काय येत न्हाई. पोरीला जपा म्हनाल्या."

अण्णांनी उत्तर शोधायला पोथ्या उघडल्या. आई मात्र गप्प बसून विचार करत होती, आणि ती गप्प बसली की काहीतरी शिजत असायचं. हिडिंबेच्या पायांत बळ आल्यावर तिनं एका रविवारी आम्हा दोघींना घेतलं आणि नगरच्या स्टँडवर मिरजगावची सर्व्हिस मोटार पकडली.

पेट्रोल लढाईवर गेलेलं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं एक भट्टी, तिचा धूर सगळा आत. चढ आला की क्लीनर ओरडायचा, "उतरा, उतरा, ढकलायचं हाय!" तिकिटाचे पैसे देऊन मोटार ढकलायची आणि वर क्लीनरच्या शिव्या खायच्या, असा तो प्रवास. हिडिंबेला तो स्वर्ग वाटला. मी आणि आई उतरून चालत होतो आणि ती खिडकीतून टाळ्या पिटत होती.

मिरजगावात अण्णांच्या चुलतभावाचं घर देवळामागं होतं. आत्या ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. वाळली होती. आम्हाला पाहून ती झटकन उठली, आणि हिडिंबा "आत्ता!" करत धावली तशी भिंतीला टेकेपर्यंत मागं सरकली. आलवण आवळून धरलं. "लांब, लांब! वहिनी, धरा तिला. कशाला आणलीत? आत्ता कुठं बरी झालीय."

आईनं हिडिंबेला धरली नाही. घोटभर पाणीही न मागता ती ओसरीच्या काठावर बसली. "तुम्हाला न्यायला नाही आले वन्सं. एक काम आहे, ते करा की आम्ही निघालो."

"काय?"

"नाव परत घ्या. तुमचं तोंड वाईट म्हणता ना, मग त्या तोंडचं नाव तिच्या कानात कशाला राहायला हवं? दिलंत तसं काढून घ्या. दुसऱ्या कुणाला ते येणार नाही."

आत्या घाबरली. खरोखरच घाबरली. "नाव नका काढू वहिनी. त्या नावानं तर ती तगली. कापसातली पोर, गोवरातनं उठली. नाव गेलं तर पुन्हा काही..."

"म्हणजे नाव चांगलं?"

"चांगलंच. राखलं त्यानं तिला."

"आणि ज्या तोंडातनं आलं ते तोंड वाईट? असं कसं वन्सं? दोहोंतलं एक काहीतरी धरा. वाईट असेल तर या, घ्या परत. माझ्यासमोर घ्या."

आत्या आईकडे बघत राहिली. मग खाली, गुडघ्याशी येऊन उभ्या राहिलेल्या पोरीकडे. ती हळूहळू वाकली. काय करायला वाकली, नाव काढून घ्यायला की नुसतं जवळून बघायला, ते तिनं आम्हाला पुढं कधीच सांगितलं नाही. तिचं तोंड कानाशी आलं मात्र, हिडिंबेला एकच गोष्ट ठाऊक होती. "कुलल्ल!" म्हणून ती किंचाळली आणि दोन्ही मुठींनी आत्याच्या पाठीत दणादण बुक्क्या मारायला लागली.

आत्या तिथंच जमिनीवर बसली. पोरीला पोटाशी धरून ती हुंदके देत होती आणि हिडिंबा खेळ चालूच आहे म्हणून मारतच होती. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मारू द्या तिला. बारशाचं राहिलंय."

बऱ्याच वेळानं आत्यानं नाक पुसलं आणि आमच्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलाय का नीट, की बुरशी आली?" मी सांगितलं, बुरशी आली. "वाटलंच होतं," ती म्हणाली आणि बोचकं आणायला उठली.

परतीच्या वाटेवर चढ लागला तसे सगळे उतरलो. आत्यानं पदर खोचला आणि मोटारीला मागून असा रेटा दिला की क्लीनर बघतच राहिला. हिडिंबा खिडकीतून ओरडत होती. आई तिला दटावत होती, "हिडिंबे, आत बस, पडशील!"

क्लीनर थबकला. "काय नाव म्हनलात? हिडिंबा? आवो, पोरीच्या जातीला आसलं नाव आसतंय व्हय? कुनी ठिवलं ह्ये?"

आईनं तोंड उघडलं होतं. पण त्याआधीच मोटारीच्या मागून, भट्टीच्या धुरातून, गाढवाला दचकवणारा तो आवाज आला.

"मी ठेवलंय. तिची आत्या आहे मी."